तिसऱ्यांदा नीट की सहा महिन्यांचा कोर्स? माझ्या मते दोन्ही नको

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा झाली, 412 आणि 447. तिसऱ्यांदा बसवतोय, क्लासचा एक हप्ता भरलाय. पण कॉलेजच्या सेमिनारपासून तिच्या डोक्यात ‘मायटोकॉन्ड्रियातले मिथाइल डोनर’ बसलेत. यात करिअर असतं का? नसेल तर ‘मायटोकॉन्ड्रियल वेलनेस’चा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स चालेल का? फी 85 हजार. अभ्यासात लक्ष लागावं म्हणून मिथाइलफोलेटच्या (फोलेट या ब-जीवनसत्त्वाचा एक प्रकार) गोळ्याही सुरू केल्यात.
– एक पालक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात दोन्ही वर्षांचे विषयवार गुण आहेत, एमबीबीएसला असलेल्या पुतण्याचा उल्लेख दोनदा आहे. मुलीचं म्हणणं मात्र एका ओळीतही नाही. ‘डोक्यात बसलेत’ हे तुमचे शब्द. दोन वर्षं नीटच्या घाण्याला जुंपलेली मुलगी त्यातून बाहेर पडून एका अवघड प्रश्नात रमते, याचा खरं तर आनंद व्हायला हवा. तुम्ही ते आजारपणासारखं लिहिलंय, आणि वर औषधही सुरू केलंय.

आधी त्या गोळ्यांबद्दल. गोळी घेतली की मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) थेट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात पोचतो आणि तरतरी येते, असा तुमचा समज दिसतो. पेशीतला मुख्य मिथाइल डोनर, म्हणजे हा गट दुसऱ्या रेणूला देणारा रेणू, आहे एस-अ‍ॅडिनोसिल मिथिओनिन, लॅबच्या बोलीत ‘सॅम’. तो मायटोकॉन्ड्रियात तयारच होत नाही. बाहेर, सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) फोलेटवरचा मिथाइल गट बी-12च्या मदतीने होमोसिस्टीन या अमिनो आम्लावर जातो, त्याचं मिथिओनिन होतं आणि मिथिओनिनपासून सॅम. मग एसएलसी25ए26 नावाचं वाहक प्रथिन त्याला आतल्या पडद्यातून पार नेतं. आत त्याची कामं ठरलेली : प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएवर आणि टी-आरएनएवर मिथाइल खुणा करणं, ऊर्जानिर्मितीला लागणारं कोएन्झाइम क्यू घडवणं, लिपोइक आम्लाच्या जुळणीत भाग घेणं. उलट मायटोकॉन्ड्रियाच सेरीन फोडून फॉर्मेट बाहेर पाठवतो आणि या चक्राला कार्बन पुरवतो. बी-12 कमी असेल तर नुसतं फोलेट वाढवूनही पहिलीच पायरी अडते. रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान मात्र चालू राहतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मातृपोषण अभ्यासात, गरोदरपणी बी-12 कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वाधिक आढळला. गोळ्या बंद करा. घरी शाकाहार असेल तर डॉक्टरांना विचारून बी-12 तपासून घ्या.

त्या कोर्सबद्दल एवढंच, की त्याच्या जोरावर ना प्रयोगशाळा दारात उभं करील, ना रुग्णालय. 85 हजार वाचवा.

आता पुढचं तिच्यासाठी. हे तिला वाचायला द्या.

सेमिनारच्या स्लाइडवर हा विषय देखणा दिसतो. टेबलावर तो चिकट असतो. यकृताचा तुकडा थंड सुक्रोज बफरमध्ये घोटायचा, साधारण 600 ते 1,000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) जोराने फिरवून केंद्रकं खाली बसवायची, वरचा द्रव 10,000 जीला फिरवायचा, आणि हे सगळं 4 अंश सेल्सिअसला. खाली बसलेल्या मायटोकॉन्ड्रियाच्या गाळात सायटोसोलचा अंश उरला, तर तू बाहेरचाच सॅम मोजत बसशील. म्हणून वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायच्या चाचणीत) मायटोकॉन्ड्रियाचं व्हीडीएसी दिसायला हवं आणि सायटोसोलचं जीएपीडीएच दिसता कामा नये. शिवाय सॅम उदासीन पीएचला आणि उबेत तुटतो. आम्लात काढून लगेच गोठवला नाहीस, तर रेणू वजनावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर बिचारा काय करणार!

यातला सर्वांत बोलका धडा मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या मिथायलेशनचा, म्हणजे त्यावरच्या मिथाइल खुणांचा आहे. माणसात तो 16,569 बेस जोड्यांचा वर्तुळाकार रेणू. तो न कापता बायसल्फाइट प्रक्रिया (मिथाइल खुणा शोधायची रासायनिक पद्धत) केली, तर ती सगळीकडे नीट पोचत नाही, आणि जिथे मिथाइल गट नाही तिथेही तो असल्यासारखा दिसतो. बॅमएचवन एन्झाइमने वर्तुळ आधी कापून सरळ केल्यावर अशा खुणांतल्या बऱ्याच विरल्या. वाद अजून चालू आहे. सहा महिन्यांची मेहनत अशी एका एन्झाइमपायी पुसली गेली, तर तुला वैताग येईल की पुन्हा करून बघावंसं वाटेल? नीटच्या गुणांतून हे कळत नाही.

परीक्षा नेहमीच्याच : एम.एस्सी.साठी जॅम, गॅट-बी. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्तीची परीक्षा, ज्यात पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडं. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं धर. पैसा उशिरा येतो, हे तुझ्या बाबांचं म्हणणं खोटं नाही. पण मास स्पेक्ट्रोमेट्रीत हात बसला, तर एम.एस्सी.नंतर औषध कंपन्यांतही वाट निघते. आधी विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज कर. दोन महिने खऱ्या लॅबमध्ये काढ, मग ठरव.

बाबा, क्लासचा दुसरा हप्ता 15 तारखेला असल्याचं तुम्ही लिहिलंय. तो भरू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचू नका.