चीनमधल्या हजार वर्षांपूर्वीच्या वादळांची नोंद ठेवली कोणी?

प्रश्न: दक्षिण चीनच्या ग्वांगतोंग प्रांताच्या किनाऱ्यावर गेल्या हजार वर्षांत किती वादळं धडकली ते शास्त्रज्ञांनी जुन्या कागदांवरून मोजलंय म्हणे. तेव्हा कुठलं आलं हवामान खातं? मग लिहून कोण ठेवायचं? आपल्या जिल्हा गॅझेटिअरसारखं काही होतं का, आणि भरवसा कितपत ठेवायचा?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: गॅझेटिअरच, म्हणजे एखाद्या भागाची सगळी माहिती एकत्र देणारं पुस्तक, पण आपल्यापेक्षा कितीतरी जुनं. आपल्याकडची कॅम्पबेल साहेबाच्या वेळची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली गॅझेटिअर्स ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी निघाली. तिकडेही सरकारी सोय होतीच, कारण अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात पोस्टिंग मिळायचं नाही, त्यामुळे नवा साहेब यायचा तो परकाच आणि तालुका समजून घ्यायला त्याला हे पुस्तक लागायचं, फक्त ते लिहायची तिथलीच शिकलेली बडी मंडळी. सोंग राजघराण्याच्या काळापासून (दहावं ते तेरावं शतक) याला जोर आला, पुढे १४१२ आणि १४१८ मध्ये मिंग घराण्याच्या दरबारानं त्यात काय काय हवं याचे नियमच काढले. नकाशे, नद्या, तटबंदी, कर, पिकं, देवळं, सरकारी नोकरीच्या परीक्षा पास झालेल्यांच्या याद्या, पुन्हा लग्न न केलेल्या विधवांच्या तर पानंच्या पानं. १९४९ च्या आधीची अशी ८ हजारांहून जास्त गॅझेटिअर्स आजही शिल्लक आहेत.

यातच आपत्तींचं एक प्रकरण असतं. पूर, दुष्काळ, टोळधाड, भूकंप, वादळ, सगळं वर्षवार, बहुतेक एकेका ओळीत. अमुक साली मोठं वादळ, घरं पडली, माणसं बुडाली, संपलं. अशाच नोंदी एकत्र करून २००१ मध्ये एक अभ्यास आला, त्यात ९७५ ते १९०९ या काळातली ५७१ वादळं निघाली आणि सगळ्यात जास्त धुमाकूळ १६६०-८० आणि १८५०-८० मध्ये. मला यातला पहिला टप्पा जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण १६६० च्या दशकात मिंगनंतर आलेल्या छिंग घराण्याच्या सरकारनं समुद्रावरच्या शत्रूला रसद मिळू नये म्हणून किनाऱ्यावरची गावंच्या गावं उठवून आत नेली होती, म्हणजे बघायला माणसं कमी, तरी नोंदी एवढ्या!

पण उलटं गणित करू नका. एखाद्या शतकात नोंद नाही म्हणजे वादळ नाही असं होत नाही, जुनी पुस्तकं हरवलीत, लढाईत जळलीत, आणि सोंग काळातल्या आकड्याची छिंग काळाशी थेट तुलना करणं तर चुकीचंच. लोकसंख्येचे आकडेही डोळे झाकून घेऊ नका, बऱ्याचदा ती माणसं नसतात, कर वसुलीची युनिट्स असतात. आणि घराण्यांची स्तुती? छपाईला वर्गणी देणाऱ्यांतच तिथली घराणी असायची, मग आपले पूर्वज थोर निघणारच की.

मला विचाराल तर जे सहज जाता जाता लिहिलंय ते जास्त भरवशाचं. देवळांची यादीच घ्या. छन चंगश्यांग नावाच्या भूगोलतज्ज्ञानं गॅझेटिअर्समधून टोळधाडीच्या देवाची देवळं नकाशावर मांडली, तर हपै, शानतोंग, हनान या उत्तरेकडच्या प्रांतांच्या पट्ट्यात दाट गर्दी, दक्षिणेकडे जावं तशी विरळ आणि आग्नेय किनाऱ्यावर जवळपास नाहीतच. देवळं नोंदवणाऱ्याला टोळांचा नकाशा काढायचा नव्हता, त्यामुळे फुगवून सांगायचंही काही कारण नव्हतं.

आणि हो, हे काम बंद पडलेलं नाही. २००६ च्या सरकारी नियमानुसार साधारण दर वीस वर्षांनी नवी आवृत्ती काढावी लागते.