दगडी कमानीपर्यंतची सोपी वाट

प्रश्न : आम्ही मुलाकडे अमेरिकेत आलो आहोत. यूटामधील मोआबजवळ साठीच्या जोडप्याला झेपेल अशी, नैसर्गिक दगडी कमानीपर्यंत नेणारी पायवाट सुचवाल का?

उत्तर : ग्रँडस्टाफ घळीतून ‘मॉर्निंग ग्लोरी’ कमानीकडे जाणारी वाट निवडावी, जाऊन-येऊन अंतर सुमारे ७ किलोमीटर असून चढ बेताचा आहे, मात्र वाहता ओढा अनेकदा ओलांडावा लागत असल्याने भिजले तरी चालतील असे बूट घालावेत. सुमारे ७४ मीटर लांबीची ही कमान कड्याला इतकी लगटून उभी आहे की, जवळ पोहोचेपर्यंत मागची फट चटकन लक्षात येत नाही. कमानीखाली तीन-तीन पानांची ‘पॉयझन आयव्ही’ माजलेली असते. ती आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली असून स्पर्शाने अंगावर खाजरे फोड उठतात, म्हणून मळलेली वाट सोडू नये. पावसाची चिन्हे असतील, तर घळीत उतरूच नये.