रेडलाइनिंग : लाल रेषा की लाल शेरा?

ताई, तुम्ही विचारलंत की अमेरिकेतल्या हवाप्रदूषणावरच्या मजकुराचं भाषांतर करताय, त्यात 'रेडलाइनिंग' (वस्ती बघून कर्ज नाकारणं) आलंय, त्याला 'लाल रेषांकन' चालेल का. इतरत्र चालेलही, पण नाशकात घोळ होईल. इथं रेड लाईन म्हटलं की माणूस थेट गोदेकाठी पोचतो, निळी पूररेषा २५ वर्षांतल्या पुराची अन् लाल १०० वर्षांतल्या, नदीकडेला प्लॉट बघताना पहिला प्रश्न हाच.

मला 'लाल शेरा' बरा वाटतो. तिकडं १९३३ साली होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था निघाली, तिनं दोनशेवर शहरांचे नकाशे करून वस्त्यांना ए ते डी ग्रेड दिल्या, ए हिरवी, डी लाल. काळ्या लोकांची वस्ती म्हणजे जवळपास ठरलेली लाल, कर्ज मिळणं मुश्कील. आणि नुसता रंग नाही हां, प्रत्येक वस्तीचा फॉर्म असायचा, त्यात कोण राहतं, कुठल्या वंशाचे लोक येतायत हेसुद्धा टिपलेलं. म्हणजे शेराच की. रेषा आपोआप पडल्यासारखी वाटते, शेरा मारणारा कोणीतरी असतो.

शिवाय शेरा पुसला जात नाही लवकर, सातबाऱ्यावर एकदा पडला की काय होतं ते शेतकऱ्याला विचारा! १९६८ ला कायद्यानं हा भेदभाव बंद केला, पण तोवर जमीन स्वस्त आणि विरोधाला वजन नाही म्हणून हायवे, कारखाने याच वस्त्यांत आलेले. २०२२ मध्ये २०२ शहरांचा अभ्यास झाला, त्यात डी वस्त्यांत नायट्रोजन डायऑक्साइड ए वस्त्यांपेक्षा ५० टक्क्यांहून जास्त निघाला. बारीक धूलिकणांतला फरक त्यामानानं कमी, कारण ते लांब पसरतात, गाड्यांच्या धुरातला हा वायू मात्र रस्त्यालगतच जास्त असतो.

'गावकुसाबाहेर' हा शब्दही डोक्यात आला होता, पण तो जातीचा आहे, तिकडं चिकटवू नये. आपल्याकडं नकाशाही लागला नाही, वारा पश्चिमेचा म्हणून दलितांची वस्ती गावाच्या पूर्वेला ठेवायची रीत होती, आणि 'वाऱ्यालाही उभं न राहणं' आपण अजून सहज बोलून जातो.

क्रियापद लागलं तर 'वस्तीवर लाल शेरा मारला' असं लिहा. बँकवाल्यांचा 'निगेटिव्ह एरिया' (जिथं कर्ज द्यायला ते टाळतात तो भाग) अर्थानं जवळचा आहे, पण त्यात तो रंग येत नाही.