ही गरमी सब्जाने जात नाही

प्रश्न : मॅडम, माझं वय २४. विट्याजवळच्या खेड्यात सासरी राहते. मिस्टर गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात तमिळनाडूला असतात, वर्षातून तीन-चारदा येतात. पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. आता पाचवा महिना चालू आहे. रक्तात 'व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह १:३२' आणि टीपीएचए पॉझिटिव्ह आलंय. नर्सताई हळूच म्हणाल्या, गरमी आहे, नवऱ्याला बोलवा. सासूबाईंच्या कानावर तेवढंच पडलं आणि सब्जाचं पाणी, गुलकंद सुरू झालं. मला ना जखम, ना खाज. बाळ नीट होईल का? की खाली करून टाकू? आणि हे मला आलं कुठून?

उत्तर : अगं-तुगं करते, माझ्या धाकट्या लेकीएवढी आहेस. सब्जा खुशाल पी. पण नर्सताई म्हणाल्या ती गरमी म्हणजे उपदंश, सिफिलिस. व्हीडीआरएल आणि टीपीएचए या त्याच्याच रक्ततपासण्या. अंगातली उष्णता आणि हा आजार, दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द. हा घोटाळा मी सांगलीत तीस वर्षं बघतेय.

खाली करायचं काहीही कारण नाही. याला पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे, स्वस्त आणि जुनं. वारेतून बाळापर्यंत पोचून त्यालाही बरं करणारं खात्रीचं औषध हे एकच, त्यामुळे कुणी गोळ्यांवर भागवू म्हटलं तर ऐकू नकोस. आजार किती जुना ते कळत नाही, म्हणून तुला आठवड्याच्या अंतराने तीन वेळा घ्यावं लागेल. दर वेळी २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत निम्मं निम्मं. मधलं अंतर नऊ दिवसांपुढे गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. आधी पेनिसिलिनची अॅलर्जी आहे का ते बघतात. असली तर दवाखान्यात ठेवून हळूहळू सवय लावून देतात, सोडून देत नाहीत.

दुखतं, खोटं सांगत नाही. बाटलीतली पांढरी पूड पाण्यात घोळली की दुधासारखी दाट होते, बारीक सुई चोंदते, म्हणून जाड सुई. दोन दिवस लंगडशील. पहिल्या रात्री थंडी वाजून ताप येऊ शकतो. कळा यायला लागल्या तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

कुठून आलं? संडासातून, टॉवेलातून नाही, शरीरसंबंधातून. सुरुवातीचा चट्टा दुखत नाही, बाईला तर बहुधा आत असल्यामुळे दिसतही नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो. त्यामुळे कोणी कोणाला दिलं, कधी दिलं, हे रक्त सांगत नाही. पहिल्या बाळंतपणाची फाईल मात्र शोध. त्यात व्हीडीआरएल केली होती का, काय आली होती, ते डॉक्टरांना दाखव. सातव्या महिन्यात बाळ पोटात जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

मिस्टरांना जत्रेला येतील तेव्हा सांगू, असं करू नकोस. घरात देव आणि पाहुणे असताना हा विषय निघत नाही. आज फोन कर. तिथल्या सरकारी दवाखान्यातही तपासणी आणि उपचार होतात. विट्याला आले तर मिरजेच्या सिव्हिलला जा, गुप्तता पाळतात. दोघांचे उपचार पुरे होईपर्यंत संबंध नको.

हे मी चूक करून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका बाईला तिन्ही इंजेक्शनं दिली, नवऱ्याचा पाठपुरावा केला नाही, शेवटच्या महिन्यांत रक्तही परत तपासलं नाही. तिला पुन्हा लागण झाली होती. बाळ जन्मलं तेव्हा नीट दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात ती आली, म्हणाली, "नाक वाजतंय." नाकातून रक्ताळ पाणी, तळहात-तळपायांची साल निघालेली, आणि उजवा हात उचलला की किंकाळी, हाडापर्यंत आजार गेला होता. दहा दिवस पेनिसिलिन दिल्यावर पोर सावरलं. तेव्हापासून नवऱ्याच्या उपचाराची तारीख मी बायकोच्या कार्डावरच लिहिते.

तुझं रक्त सातव्या-आठव्या महिन्यात आणि बाळंतपणाच्या वेळी पुन्हा तपासायचं. व्हीडीआरएलचा आकडा १:३२ वरून १:८ किंवा त्याखाली आला की उपचार लागू पडला म्हणायचं. तो सावकाश उतरतो, प्रसूतीपर्यंत तितका खाली आला नाही तरी लगेच धसका घेऊ नकोस. टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहील, ते बघून कोणी पुन्हा घाबरवलं तर घाबरू नकोस. एचआयव्ही आणि कावीळ 'बी' चं रक्त केलं नसेल तर याच फेरीत करून घे. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त स्तनावर जखम नको.

शेवटचं इंजेक्शन प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी झालेलं असावं लागतं. तुझ्या हातात अजून चार महिने आहेत. बाळंतपणाला माहेरी जाशील तेव्हा तिन्ही तारखांचा कागद पर्समध्ये ठेव, आणि बाळ तपासायला येतील त्या डॉक्टरांच्या हातात आधी तो दे.