वाचलेले पैसे डिस्कने खाल्ले

तुम्ही लिहिलंय की इंटेलचा खालच्या आकड्याचा, पण वेग वाढवायची मुभा असलेला के-मालिकेतला प्रोसेसर घेऊन ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा, वरच्याचे पैसे वाचवायचे आणि त्याच मशीनवर लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचं. नेमका हाच हिशेब मी १९९९ साली केला होता.

तेव्हा पुण्यात माझं डीटीपीचं काम होतं. मशीनमध्ये इंटेलचा स्वस्तातला ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, सेलेरॉन ३००ए. १९९८च्या ऑगस्टमध्ये हा १४९ डॉलरला आला आणि पेंटियम टू ४५० आला ६६९ला. प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डावरच्या बसचा वेग गुणिले मल्टिप्लायर. सेलेरॉनचा मल्टिप्लायर साडेचारवर लॉक, म्हणजे बस ६६ची १०० केली की सरळ ४५०. पुष्कळांचे चालायचे. चिप दमदारच निघायची, पण स्वस्त मालाला गिऱ्हाईक जास्त, म्हणून तिच्यावर ३०० छापायचे.

माझा नग बस १०० वर अडखळायचा, म्हणून मी बस ८३ वर ठेवली. सुरक्षित वाटलं. घोडचूक झाली ती इथे. १०० वर बोर्ड पीसीआयला, म्हणजे बाकीचे भाग जोडणाऱ्या मार्गाला, बसचा तिसरा हिस्सा द्यायचा, म्हणजे नेहमीचे ३३. ८३ वर मात्र निम्मा, साडेएक्केचाळीस! हार्ड डिस्कचा कंट्रोलर त्याच पीसीआयवर. प्रोसेसर गार, विंडोज सुरळीत, आणि डिस्कवर लिहिलेलं आतल्या आत सडतंय. तीन आठवड्यांनी दिवाळी अंकाची पेजमेकरची फाइल उघडेना. बॅकअप त्याच मशीनवर घेतलेला, तोही खराब. ९६ पानं, छापखान्याची तारीख डोक्यावर. प्रुफांच्या कागदांवरून आम्ही दोघांनी चार रात्री बसून सगळं पुन्हा टाइप केलं. त्या फायली आठवल्या की अजून पोटात गोळा येतो.

तुम्ही मल्टिप्लायर वाढवणार, बसला हात लावणार नाही, त्यामुळे हे असंच होईल असं म्हणत नाही. मी हार्डवेअर इंजिनिअरही नाही. पण के घेतलात की ओव्हरक्लॉक करू देणारा, महागडा झेड-मालिकेचा बोर्ड आला, कूलर वेगळा आला, शिवाय ओव्हरक्लॉक केलं की वॉरंटीवर पाणी. तेवढ्याच पैशांत वरचा प्रोसेसर साध्या, स्वस्त बी-मालिकेच्या बोर्डासकट बसतो का, ते दुकानात कोटेशन घेऊन बघा. टर्बोमुळे, म्हणजे गरजेनुसार आपोआप वेग वाढवण्याच्या सोयीमुळे, कंपनी आता स्वतःच चिप बरीच पिळून देते. गेमिंगचं मशीन असतं तर खुशाल करा म्हटलं असतं. लोकांच्या लग्नाचं शूटिंग ज्यावर ठेवायचं, त्यावर नको.

आणि हो, रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं बोर्डाचं तयार सेटिंग, हेही ओव्हरक्लॉकिंगच. ते चालू करणार असाल तर आधी रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावा. एक जरी एरर आली तरी बंद करा.

बोर्ड कुठला बघताय?