वाचकांचे प्रश्न : थंड, पावसाळी हवेतील फड्या निवडुंग

प्रश्न : आमच्या भागात वर्षभर थोडाथोडा पाऊस असतो आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो. थंडी सोसणारा म्हणून आणलेला फड्या निवडुंग मी बागेतल्या कसदार मातीत लावला. हिवाळ्याच्या तोंडावर त्याचे फडे सुरकुतून आडवे झाले, म्हणून पाणी आणि खत दिले. पण थंडी संपेपर्यंत तो बुडाशी काळा पडून कुजला. अशा हवेत तो जगणारच नाही का?

उत्तर : जरूर जगेल, मात्र जात योग्य हवी आणि मुळांशी पाणी साचता कामा नये. ओपन्शिया ह्युमिफ्युसा, ओपन्शिया पॉलिअकॅन्था आणि ओपन्शिया फ्रॅजिलिस या जाती उत्तर अमेरिकेतील कडक हिवाळे उघड्यावर काढतात. यांतील फ्रॅजिलिस तर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूव्हर बेटाजवळच्या लहान बेटांवरही रानटी वाढते. तिथले हिवाळे ओले असतात, परंतु ती उगवते उन्हाकडे तोंड असलेल्या खडकाळ उतारांवर, जिथे मातीचा थर पातळ असतो आणि पाणी क्षणभरही थांबत नाही. आपल्याला बागेत नेमकी हीच स्थिती निर्माण करायची आहे.

फडे सुरकुतणे हा रोग नव्हे. दिवस लहान आणि रात्री गार होऊ लागल्या की हे झाड आपल्या अंगातले पाणी कमी करते. उरलेला रस शर्करा आणि चिकट द्रव्यामुळे दाट होतो, त्यामुळे गोठण्याने पेशींना होणारी इजा टळते. अशा वेळी आपण दिलेल्या पाण्याने आणि खताने फडे फुगलेले व कोवळे राहिले, त्यांना थंडीचा तडाखा बसला आणि दुखावलेल्या भागात ओलीमुळे कूज शिरली, असे आपल्या वर्णनावरून वाटते. निरोगी सुरकुतलेला फडा दाबल्यास चामड्यासारखा चिवट लागतो; कुजलेला मऊ पडतो आणि त्यातून तपकिरी पाणी झिरपते.

वरचा एखादा फडा अजून चिवट असेल, तर सांध्यापाशी कापून घ्यावा. आतला गर स्वच्छ हिरवा दिसायला हवा. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी कापावे. फडा चिमट्याने किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्रात धरावा, कारण मोठ्या काट्यांपेक्षा त्यावरची बारीक कुसळे अधिक छळतात. काप सावलीत एक-दोन आठवडे वाळू द्यावा आणि थंडी पूर्ण ओसरल्यावर फडा जेमतेम उभा राहील इतकाच रोवावा.

त्यासाठी दुपारचे ऊन मिळणाऱ्या भिंतीलगत किमान 30 सेंटीमीटर उंचीचा गादीवाफा करावा. त्यात निम्म्याहून अधिक बारीक खडी आणि भरड वाळू असावी. बारीक वाळू नको, ती मातीच्या फटी बुजवते. चिकणमातीत खड्डा खणून तळाशी खडी भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला चुकीचा वाटतो, कारण भोवतालचे पाणी त्याच खड्ड्यात येऊन साचते. झाडाच्या बुडाभोवती चार-पाच सेंटीमीटर खडी पसरावी, म्हणजे फडे ओल्या मातीवर टेकणार नाहीत. गळलेला पाचोळा तिथे साचू देऊ नये. हिवाळाभर वरून पारदर्शक पत्र्याचे तिरपे छप्पर द्यावे, पण बाजू उघड्या ठेवाव्यात. प्लास्टिकने गुंडाळल्यास आत दमटपणा कोंडतो. शरद ऋतूपासून पाणी आणि खत पूर्ण बंद ठेवावे.

प्रश्न : माझा फड्या निवडुंग उत्तम वाढतो, परंतु त्याला फुले येत नाहीत. असे का?

उत्तर : बहुधा ऊन कमी आणि नत्र जास्त पडत असावे. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा द्यावी, नत्रयुक्त खत थांबवावे आणि हिवाळ्यात झाड घरात न आणता बाहेरच गारव्यात, कोरडे ठेवावे. फूल सहसा एकच दिवस टिकते, म्हणून कळ्या दिसू लागल्यावर रोज दुपारी झाडापाशी जावे. उमललेल्या फुलातील पुंकेसरांना काडीने हलकेच स्पर्श केल्यास ते आतल्या बाजूला वळताना दिसतात.