कायापालट नव्हे, पालट

प्रश्न असा आहे : व्यावसायिक कुस्तीत, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘रेसलिंग’ म्हणतो त्या खेळात, दुष्टांच्या गोटातला एखादा मल्ल सर्वांना धक्का देऊन एका क्षणात सज्जनांच्या बाजूला येतो, तेव्हा त्या घटनेला मराठीत ‘कायापालट’ म्हणावे, ‘हृदयपरिवर्तन’ म्हणावे, की ‘त्याने पलटी मारली’ असे म्हणावे? प्रश्नकर्त्याने उदाहरण दिले आहे ते सॅमी झेनचे. खेळाचे जाणकार दुष्टाला ‘हील’, सज्जनाला ‘बेबीफेस’ आणि या बदलाला ‘टर्न’ म्हणतात, हे बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

‘कायापालट’ हा शब्द या संदर्भात इतक्यांदा कानावर आदळला आहे की आधी त्याचाच निकाल लावणे भाग आहे. कायापालटात काया पालटावी लागते. पडक्या वाड्याचा किंवा ओसाड माळाचा कायापालट होतो, कारण तेथे डोळ्यांना दिसणारे रूपच वेगळे झालेले असते. आता २८ जानेवारी २०२३ रोजी सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये, रॉयल रंबल या वार्षिक कुस्ती-सोहळ्याच्या अखेरीस, काय घडले ते आठवून पाहावे. केव्हिन ओवेन्स हरलेला आहे, त्याचे हात रिंगच्या दोरांना बेड्यांनी जखडलेले आहेत, आणि सॅमी ज्या दुष्टांच्या गोटात होता त्याचा म्होरक्या रोमन रेन्स सॅमीच्या हाती खुर्ची देऊन त्याच्याच या जुन्या मित्रावर ती हाणण्यास फर्मावतो. सॅमी घुटमळतो, रेन्स पाठ फिरवतो आणि खुर्ची त्या पाठीवरच बसते. या प्रहाराच्या आधीचा सॅमी आणि नंतरचा सॅमी यांच्या कायेत तसूभरही फरक नाही. पालटली आहे ती केवळ बाजू. ज्या शब्दातील पहिलाच घटक प्रसंगाला लागू पडत नाही, तो शब्द केवळ भारदस्त वाटतो म्हणून वापरणे हा निष्काळजीपणा आहे.

‘हृदयपरिवर्तन’ त्याहून बरा, पण अपुरा. तो शब्द मनाच्या आतला प्रवास सांगतो, आणि या खेळातील काही सर्वोत्तम प्रसंगांत असा प्रवास झालेलाच नसतो. त्याचे उदाहरण पुढे देतो. ‘पलटी मारली’ या प्रयोगाला मात्र मराठीत दगाबाजीचा वास आहे. ७ जुलै १९९६ रोजी डेटोना बीच येथे हल्क होगनने लोकांच्या डोळ्यांदेखत जुन्या साथीदारांना सोडून प्रतिपक्षाला हात दिला, तेव्हा प्रेक्षकांनी ‘होगनने पलटी मारली’ असे म्हटले असते तर ते अचूक ठरले असते. सॅमीविषयी हे वाक्य फक्त रेन्सच्या तोंडी शोभेल. ज्या प्रेक्षकांनी त्या खुर्चीची वाट पाहिली होती, ते ‘पलटी’ कशी म्हणतील?

उरतो तो साधा, दोन हजार वर्षांची वाट चालून आलेला ‘पालट’, आणि खरे सांगायचे तर मला ज्याविषयी लिहायचे आहे ते हेच. ‘पालट’ हा संस्कृत ‘पर्यस्त’ या शब्दाचा वंशज आहे. ‘परि’ हा उपसर्ग आणि ‘अस्’ हा धातू. पण ‘असणे’ या अर्थाचा अस् नव्हे, तर ‘फेकणे’ या अर्थाचा. ज्या धातूपासून फेकण्याचे ते ‘अस्त्र’ झाले, आणि ज्याच्यापासून आपला ‘अभ्यास’ही झाला, तोच हा धातू. पर्यस्त म्हणजे फेकून उलटवलेला. प्राकृतात त्याची दोन रूपे झाली : पल्लट्ट आणि पल्लत्थ. मराठीत येताना जोडाक्षर सुटले, आधीचा स्वर लांबला, आणि पल्लट्टचा ‘पालट’ झाला; पल्लत्थचा, मत्थअचा जसा माथा झाला तसा, ‘पालथा’ झाला. म्हणजे पालट आणि पालथा हे सख्खे जुळे भाऊ आहेत. पालथ्या घड्यावर पाणी ओतणारे, उभे गाव पालथे घालणारे आणि ‘सामन्याचा नूर पालटला’ असे लिहिणारे क्रीडापत्रकार या सर्वांच्या जिभेवर एकच शब्द आहे, आणि तो मुळात कोणालातरी उचलून आपटण्याचा शब्द आहे! कुस्तीतील बाजूबदलासाठी याहून नेमका शब्द कोणती भाषा देऊ शकेल? या खेळात कोणीही निवेदन काढून पक्ष बदलत नाही. खुर्ची बसते, कोणीतरी आपटला जातो, आणि त्या आपटण्यातूनच बाजू बदलल्याचे जाहीर होते. फेकणे आणि पालटणे ही येथे एकच क्रिया आहे. ‘पालट’ उच्चारताना मराठी कानाला ती जुनी फेक आजही अंधूकपणे जाणवते, असे माझे मत आहे, आणि ते मी सोडणार नाही.

‘पालट’ हे ‘परिवर्त’चे झिजलेले रूप आहे असे ठामपणे सांगणारे विद्वान मला अनेकदा भेटले आहेत. अर्थ जुळला की व्युत्पत्ती जुळली, असे मानण्याची ही सवय घातक आहे. परिवर्तातून ‘ल्ल’ कोठून येणार? प्राकृतात हा ‘ल्ल’ ‘र्य’मधून येतो : पर्यंकाचा पल्लंक होऊन आपला पलंग झाला, पर्याणाचा पल्लाण होऊन घोड्यावरचे पालाण झाले. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात पर्यस्त आणि पर्याण हे दोन्ही शब्द एकाच सूत्रात बसवले आहेत, आणि पर्यस्ताची ट-युक्त आणि थ-युक्त अशी दोन्ही रूपे नोंदवली आहेत. परिवर्तवाद्यांनी आधी ‘पालथा’ची उपपत्ती लावून दाखवावी; मग पुढे बोलू.

याच पर्यस्ताने संस्कृत अलंकारशास्त्रातही एक सुंदर जागा पटकावली आहे. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या अपन्हुतीचा एक प्रकार म्हणजे ‘पर्यस्तापन्हुती’. हा चंद्र नव्हे. मग चंद्र कोणता, तर प्रियेचे मुख. एका वस्तूचा धर्म तिच्यावरून उचलून दुसरीवर फेकला जातो, म्हणून ती पर्यस्त. आता २३ मार्च १९९७ रोजी शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये झालेली रेसलमेनियाची तेरावी आवृत्ती डोळ्यांसमोर आणावी. ब्रेट हार्ट नायक म्हणून उतरला होता आणि स्टीव्ह ऑस्टिन खल म्हणून. शरणागती पत्करणारा हरणार, असा नियम होता. ब्रेटने शार्पशूटरची पकड आवळली तेव्हा ऑस्टिनचा चेहरा रक्ताने माखलेला होता; तो ओरडत राहिला, पकडीतून सुटण्यासाठी धडपडत राहिला आणि अखेर शुद्ध हरपून पडला, पण शरण आला नाही. पंच केन शॅमरॉकने लढत थांबवली. त्यानंतरही ब्रेट त्या निपचित देहावर तुटून पडला. ऑस्टिन मात्र कोणाचा आधार न घेता, लंगडत, स्वतःच्या पायांनी बाहेर गेला आणि प्रेक्षागृह त्याच्या नावाने दुमदुमले. ऑस्टिनचे हृदय कोठे बदलले होते? तो आला तसाच उर्मट आणि तसाच हट्टी परत गेला. हा नायक नव्हे. मग नायक कोण, तर तो रक्ताळलेला खल! नायकत्व ब्रेटवरून उचलून ऑस्टिनवर फेकले गेले. अलंकारशास्त्राच्या अध्यापकांनी चंद्र आणि मुख बाजूला ठेवून ही लढत दाखवली, तर विद्यार्थी तो अलंकार जन्मभर विसरणार नाहीत.

दोघांनी एकाच लढतीत परस्परांच्या जागा घेतल्या तर त्यासाठीही मराठीत तयार शब्द आहे, तो म्हणजे ‘खांदेपालट’. पालखी तीच राहते, वाहणारे खांदे बदलतात. वृत्तपत्रांनी हा शब्द मंत्रिमंडळाच्या दावणीला बांधून टाकला आहे, तो तेथून सोडवून रिंगमध्ये आणावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

प्रश्नकर्त्याला वाक्येच हवी असतील तर ती अशी : ‘रंबलच्या रात्री सॅमी पालटला’, ‘सॅमीने बाजू पालटली’, ‘रोझमाँटला ब्रेट आणि ऑस्टिन यांचा खांदेपालट झाला’. ‘पलटला’ असा ऱ्हस्व ‘प’ लिहू नये. ते हिंदीचे वळण आहे. मराठीने ‘पा’ दीर्घ केला आहे, आणि ‘पालथा’शी असलेले नाते त्या दीर्घ स्वरातच राहिले आहे.